वहिनींची दुरडी

आमच्या वहिनींना भाकरीवरून माणूस ओळखता यायचा. तव्यावर टाकलेल्या तांदळाच्या भाकरीवर पाणी फिरवलं की बोटांच्या चार रेघा उठतात. तुम्हांआम्हांला त्या सगळ्या सारख्याच. वहिनींपुढे मात्र कुणाच्या कार्यात भाकऱ्यांची चळत आली, की एकेक उचलून त्या सांगत, “ही गंगूची, घायघायीत केलीय. ही करताना हिची सासू मागं उभी व्हती.” आणि ते खरं निघायचं. त्यामुळे गावातल्या बायका त्यांना जरा वचकूनच असत.

ही आठवण आहे गाठीच्या रोगाच्या, म्हणजे प्लेगच्या सालातली. आमचं गाव कर्जतहून कशेळ्याला जाणाऱ्या वाटेवर. मी गावच्या शाळेत मास्तर होतो, पण शाळा बंद पडली होती. थोरले भाऊ, म्हणजे वहिनींचे यजमान, मुंबईच्या गोदीत कामाला. त्यांना आम्ही दादा म्हणत असू. एका जड पेटीखाली सापडून त्यांच्या उजव्या हाताचं मधलं बोट गेलं होतं. घरी आले की पाण्याचा तांब्यासुद्धा हातानं उचलून घेत नसत. “बापयानं चुलीपुढं बसलं का घर बसतं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

दिवाळी आटोपून जाताना दादा दारातच थांबले आणि वहिनींना म्हणाले, “रोग मानसातून येतो. दार लावून घरातच ऱ्हावा. गाव उठला तरी तुमी उठू नका. मी येईन तवा चूल पेटती दिसली पायजे.” वहिनींनी मान हलवली. त्यांची मान एकदा हलली की दगडावरची रेघ.

पुढं महिन्याभरात गावात उंदीर पडू लागले आणि सगळं गाव घरं सोडून माळावर खोपटी बांधून राहायला गेलं. आम्ही मात्र राहिलो. वहिनी, मी, डोळे गेलेली आई आणि दादांची आठ वर्षांची चंद्री. साऱ्या गावात धूर निघायचा तो एकट्या आमच्या घरातून. कोंबडं आरवलं तर ते कुणाचं, हे विचारायला माणूस नव्हतं.

बसून बसून माणसं एकमेकांवर वसवस करू लागतात. आम्हीही करू लागलो. तेव्हा वहिनींनी फर्मान काढलं, “हात रिकामा ऱ्हायला का डोकं भरतं. रातचं जेवान आजपासून सगल्यांनी मिळून करायचं. आपली भाकर आपुन थापायची. भावजी, तुमीबी.” मग दुपार कलली की आई चाचपत मोड आलेले वाल सोलायची, चंद्री लसूण निवडायची आणि मी, पोरांना भूगोल शिकवणारा मास्तर, काठवटीपुढे मांडी घालून बसायचो. माझी पहिली भाकरी उचलून धरत वहिनींनी विचारलं, “भावजी, यो कुठला मुलूख?” आई डोळ्यांना पदर लावून हसली. त्या घरात त्या दिवसांत आम्ही जेवढे हसलो तेवढे पुढं कधी हसलो नाही, हे आता लिहितानाही विचित्र वाटतं.

भाकऱ्या झाल्या की वहिनी दुरडीत बोट ठेवून मोजायच्या, “आई. चंद्री. भावजी. मी.” मग क्षणभर थांबायच्या आणि दुरडी झाकायच्या. “मानसं मोजायची तर दुरडीत मोजावी. बोलता चालता मानूस फसवतं, भाकर नाय फसवत,” असं त्या म्हणत. दादांची पत्रं तोवर बंद झाली होती.

एका संध्याकाळी आमचं थापणं संपलं तरी थापण्याचा आवाज थांबला नाही. पलीकडच्या घरातून येत होता. ते घर महिनाभर कुलूपबंद होतं. थप्, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा थप्. चंद्री मला चिकटली. “भिंतीवरून आपलाच आवाज परत येतो,” असं मी मास्तरकीच्या सुरात सांगितलं. पण आमचे हात केव्हाच थांबले होते, हे मलाही कळत होतं. वहिनींनी मात्र कान देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, “कच्चा हात हाय. शिकतंय कोन तरी.” आणि त्यांनी पानं घेतली. पुढं तो आवाज रोज येऊ लागला. आम्ही त्याविषयी बोलायचं सोडून दिलं.

मग एका दुपारी आमच्याच घरात, भाताच्या कणगीपाशी उंदीर पडला. फावड्यानं तो बाहेर नेऊन मी जाळला आणि येऊन म्हणालो, “वहिनी, आता निघायला हवं. आजच.”

“तुमी आईंना आन् पोरीला घेऊन जावा,” त्या शांतपणे म्हणाल्या. “ते आल्याबिगर मी नाय निघायची. सबूद दिलाय.”

“सुनंला टाकून मी नाय उठायची,” आई म्हणाली आणि वाल सोलत राहिली. चंद्रीनं तर वहिनींचा पदर मुठीत धरला होता.

मी हात जोडले, ओरडलो, शेवटी रडलोही. काही उपयोग झाला नाही. एक शब्द पाळायला चार माणसं मरणार, हे मला लख्ख दिसत होतं. मग मी जे केलं त्याची लाज मला पुढं कित्येक वर्षं वाटली. वहिनी गोवऱ्या आणायला परसात गेल्या, तेवढ्यात मी उकडीचा एक गोळा जास्तीचा घेतला, भाकरी थापली आणि पाणी फिरवताना मधलं बोट दुमडून घेतलं. तीनच रेघा उठल्या, मधली जागा रिकामी. दादा आले असं वहिनींना वाटलं की शब्द फिटेल, एवढाच माझा हिशोब. ती भाकरी मी दुरडीच्या तळाशी सरकवली.

सांजेला वहिनी माझ्याकडे पाठ करून मोजायला बसल्या. “आई. चंद्री. भावजी. मी.” त्या थांबल्या. मग हात दुरडीत पुढं गेला. पुन्हा थांबला, आणि आणखी पुढं गेला. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, “आले.” मग दुरडी फडक्यात बांधून उठल्या. “चला. आता ऱ्हायचं नाय.”

चूल त्यांनी पेटतीच ठेवली. आईला पाठीवर घेऊन मी पुढं झालो. पलीकडच्या घरावरून जाताना आवाज येईल म्हणून मी कान टवकारले होते. तिथं आता काही वाजत नव्हतं.

माळावर आम्ही जेवलो. वहिनी गावाकडे तोंड करून एकट्या बसून जेवल्या. दुरडीत माझी ती खोटी भाकरी उरली होती. ती मी गुपचूप कुत्र्याला घातली. पुढं गाव परतलं तेव्हा आमच्या घरात, चुलीपुढे आम्ही जिथं बसायचो तिथंच, उंदरांचा खच पडलेला होता.

आम्हांला माळावर येऊन आठवडा झाला, तेव्हा मुंबईहून दादांच्या राहत्या गाळ्यातला एकजण त्यांचं गाठोडं घेऊन आला. दादा रोगाच्या दवाखान्यात वारले होते. वार त्यानं सांगितला तो आम्ही घर सोडलं तोच. वहिनींनी एकच विचारलं, “सांजच्याला ना?” तो म्हणाला, “व्हय. दिवे लावायच्या वक्ताला.” आई ऊर बडवत होती. वहिनींनी नुसती मान हलवली.

मला वाटायचं, मीच दादांना मारलं. जिवंत माणसाच्या नावानं खोटी खूण केली आणि ती खरी झाली. हे ओझं मी कित्येक वर्षं वाहिलं. आई गेली, चंद्रीचं लग्न झालं, आणि माझी बदली खालापूरच्या बाजूला झाली. निघायच्या दिवशी वहिनी वाटेसाठी भाकऱ्या बांधत होत्या, तेव्हा मला राहवलं नाही. त्यांच्या पायाशी बसून मी सगळं सांगून टाकलं.

वहिनी हसल्या. “भावजी, तुमची भाकर मी न वळखावी? तुमचा अंगठा लई दाबतो. हात लावल्याबरोबर कळलं. तुमच्या खोट्यावर उठली आसती व्हय मी?”

“मग उठलात कशा?”

“तिच्या खाली आनखी एक व्हती ना.”

त्या दिवशी घरात हात होते ते आम्हां चौघांचे. आई आंधळी, चंद्री आठ वर्षांची.

“ती कुठं गेली?” मी विचारलं.

“खाल्ली मी. तितं माळावर बसून,” फडक्याची गाठ मारत वहिनी म्हणाल्या. “मधी कच्ची व्हती. पर टाकू कशी? जल्मात एकच भाकर केली त्यांनी.”