दोन बस बदलून गाठलेली बैठक

कापडाचे साठ थर एकावर एक रचायचे आणि यंत्राच्या पात्याने एका दमात कापायचे, हे मास्तरांचं काम. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात वीस वर्षं त्यांचा हात चालला. पातं रेघ सोडून जात नाही, अशी ख्याती. पण अलीकडे तो हात सकाळी थरथरायचा, आणि दोन घोट पोटात गेल्याशिवाय ताळ्यावर यायचा नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत भरून आणलेलं ते 'औषध' मास्तर संडासात जाऊन घेत आणि लवंग चघळत बाहेर येत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांना वाटे. मूठ कधीच उघडी पडली होती; त्यांना तोंडावर कुणी सांगत नव्हतं, इतकंच.

एका मंगळवारी पातं वळणावर घसरलं आणि समोर थर दाबून धरणाऱ्या मावशींच्या बोटात घुसलं. पांढऱ्या कापडावर रक्त पसरत गेलं. मालक धावत आले, तेव्हा मावशी ओठ आवळून म्हणाल्या, "माझाच हात पुढे गेला."

मास्तर तिथेच उभे होते. त्यांनी मान खाली घालून पातं पुसायला घेतलं.

दवाखान्यात बोटाला पाच टाके पडले. सोबत आलेल्या मास्तरांच्या तोंडाचा वास नर्सपासून लपला नाही. मावशी बाहेर गेल्यावर तिने एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला. "दारू सोडलेल्या माणसांचा आहे. पैसे घेत नाहीत, नावही विचारत नाहीत," एवढंच ती बोलली.

चिठ्ठी आठ दिवस खिशात चुरगळत राहिली. नवव्या दिवशी, बायको बाजारात गेलेली बघून, मास्तरांनी फोन लावला. पलीकडच्या बाईने चार ठिकाणं सांगितली. पहिलं तर त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतं.

"ते नको. सगळ्यात लांबचं सांगा."

"लांबचं म्हणजे दोन बस बदलाव्या लागतील हं."

"चालेल."

रविवारी ते गावाच्या दुसऱ्या टोकाला उतरले. फोनवर सांगितलेलं वाचनालय दिसलं, पण त्याच्या मागची खोली काही सापडेना. विचारायचं तर काय म्हणून विचारायचं? दोनदा तोच रस्ता पालथा घातला, परत थांब्यापर्यंत आले, 'बंदच असेल आज' असं मनाशी ठरवूनही टाकलं. शेवटी कोपऱ्यावर चपला शिवत बसलेल्या माणसापाशी ते वाकले. "इथे ती... एक बैठक असते..."

"दारू सोडायची ना?" सुई न थांबवता तो म्हणाला. "मागचा जिना, डावीकडे. आणि चपला दाराबाहेर काढू नका. मागच्या आठवड्यात एकाच्या गेल्या."

पोस्ट कुठे आहे ते सांगावं, इतक्या साध्या आवाजात त्याने सांगितलं. मास्तर जिना चढले.

आत एक माणूस खुर्च्या गोलात मांडत होता. तो वळला आणि मास्तरांनी परत जिन्याकडे पाऊल टाकलं. त्यांच्याच कारखान्यातला इस्त्रीवाला! अकरा वर्षं तो मास्तरांच्या टेबलापासून दहा पावलांवर वाफेच्या ढगात उभा असे. फारसा बोलत नसे, म्हणून सगळे त्याला मुनी म्हणत.

"या मास्तर," मुनी म्हणाला. "बसा."

त्या दिवशी मुनी वीस मिनिटं बोलला. लेक तापाने फणफणली होती तेव्हा आपण कुठल्या बाकड्यावर पडलो होतो, ती बरी झाल्यावरही किती दिवस जवळ आली नाही, सगळं. कुणी मध्ये बोललं नाही, कुणी च्च च्च केलं नाही. बैठक संपल्यावर मास्तरांनी त्याला जिन्यात गाठलं.

"नऊ वर्षं झाली म्हणतोस सोडून. रोज समोर होतास. मला एका शब्दाने बोलला नाहीस?"

"बोललो होतो. दोनदा." मुनी सावकाश म्हणाला. "दुसऱ्यांदा तुम्ही माझ्या अंगावर कात्री फेकलीत."

मास्तरांनी आठवून पाहिलं. काही म्हणता काही आठवेना. आणि खोटं बोलणारा तो माणूस नव्हे. असे आपले आणखी किती दिवस गळून पडले असतील, या विचाराने ते कठडा धरून पायरीवरच बसले. मुनीही शेजारी बसला.

मग दर रविवार ठरला. सहा आठवडे मास्तरांनी नुसतं ऐकलं. सातव्या आठवड्यात मेव्हण्याच्या घरी 'एकच' म्हणून पेला उचलला, आणि गाडी तीन दिवस थांबली नाही. चौथ्या दिवशी, रविवारी, मुनी दारात उभा. ना उपदेश, ना विचारपूस. "आंघोळ करून घ्या. बस साडेनऊची आहे."

त्या बैठकीत मास्तर पहिल्यांदा बोलले. "बाईचं बोट मी कापलं. मी प्यायलो होतो. आणि ती माझ्यासाठी खोटं बोलली, ते मी बोलू दिलं." एवढं सांगायला त्यांना बराच वेळ लागला.

सोमवारी तेच त्यांनी मालकांना सांगितलं. मालकांनी यंत्र काढून घेतलं आणि त्यांना शिवलेल्या कपड्यांचे धागे कातरायला बसवलं. वीस वर्षं यंत्र चालवलेले मास्तर आठ महिने स्टुलावर बसून धागे कातरत होते. कुणीकुणी पाठीमागे हसलंही.

मावशींच्या घरी ते एकटेच गेले. त्यांच्या बोटाचं वरचं पेर आता वाकत नव्हतं.

"तेव्हा खोटं का बोललात?"

"माझा नवरा असाच गेला," मावशी म्हणाल्या. "काम सुटलं, मग उरलंसुरलं सगळंच सुटलं. तुमचं काम जाऊ नये म्हणून बोलले. तुमच्यावर माया होती म्हणून नव्हे."

"मावशी, मला माफ..."

"ते राहू द्या. आधी नीट राहा."

याला आता तीन वर्षं झाली. मास्तर नीट राहिले आहेत. यंत्रही परत मिळालं. बायको मात्र अजूनही, ते घरी आले की, पाण्याचा तांब्या द्यायच्या निमित्ताने जवळ येते, क्षणभर थबकते आणि हळूच वास घेते. मास्तरांच्या ते लक्षात आलेलं नाही, असं तिला वाटतं. पूर्वी त्यावरून मास्तरांचं डोकं सणकायचं. आता ते पाणी पिताना तिच्याजवळ जरा जास्त वेळ उभे राहतात.