दादाने मोडलेला नियम

मंदारदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मैत्रिणींबरोबर आरे-वारेच्या बीचवर होते. खाली वाळूत रेंज नव्हती. वर रस्त्यावर आले तर काकांचे इतके मिस्ड कॉल की परत फोन लावायच्या आधीच मला कळलं... दादा मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर होता. गहू भरून निघालेलं जहाज, बंदर अजून लांब, आणि तो तिकडे समुद्रातच गेला. गॅसने. त्याच गॅसने, ज्याच्याबद्दल बोलून बोलून तो सुट्टीत आमचं डोकं खायचा.

म्हणजे असं असतं बघा, धान्याला कीड लागू नये म्हणून बंदरातच मालाच्या कप्प्यांत औषधाच्या गोळ्या टाकतात, झाकणं सील करतात, औषधवाले उतरून जातात आणि जहाज तसंच निघतं. खाली विषारी गॅस, वर माणसं जेवतायत, झोपतायत. हे सगळं मला पाठ आहे कारण दादा बांगड्याचे काटे काढता काढता तेच सांगत बसायचा. झाकणांवर पाट्या हव्यात, केबिन, स्वयंपाकघर, कोठी सगळीकडे मीटर घेऊन फिरायचं, नाकावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, आत कुणी पडलेलं दिसलं तरी तोंडाला मास्क आणि पाठीला सिलिंडर लावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. "पूर्वे, वाचवायला धावतो ना, तोच दुसरा मरतो," असं म्हणायचा आणि वर भात मागायचा.

नियम म्हणजे किती नियम! हेल्मेट नसेल तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा मला बाईकवर घेणार नाही. खाडीत होडीत बसलो तर भर उन्हात मला लाइफ जॅकेट, आणि बाकीच्या पोरी हसतायत. एकदा त्याचं जहाज जवळच्याच बंदराला लागलं होतं. मी नवीन ड्रेस घालून गेले, म्हटलं आतून बघायचंच. तर हा गेटवर येऊन म्हणतो, तुझा पास नाही. मी म्हटलं, बहिणीसाठी एकदा मोड की नियम. नाही म्हणजे नाही. आम्ही गेटवरच वडापाव खाल्ला आणि मी रडत घरी आले.

आता तुम्हाला कळेल, दिनानाथदादा घरी आले तेव्हा माझं काय झालं ते. ते आंजर्ल्याचे, दादाच्या जहाजावरचे कुक. त्यांनाही गॅस लागला होता, बरेच दिवस हॉस्पिटलात होते, बरं वाटल्यावर एसटीने आले. आईने जेवायला वाढलं. आणि ते एकेक सांगायला लागले. साहेब कारलं आवडीने खायचे... दादा? कारलं? घरी ताट ढकलायचा तो. साहेब गाणी म्हणायचे. साहेबांना आमची लसणीची चटणी रोज लागायची. मी नुसती जळत होते. इतकी वर्षं तो आम्हाला सुट्टीपुरता मिळायचा आणि ह्या माणसाला रोज, दोन्ही वेळा, समोर बसून.

मग ते त्या दिवसाचं बोलले. चटणीसाठी लसूण आणायला ते खालच्या कोठीत गेले होते. सकाळी दादाने तिथे मीटर लावून बघितलं होतं, काही नव्हतं. दुपारी समुद्र खवळला, कुठूनतरी फट पडली आणि गॅस कोठीत आला. ह्या गॅसचा वास लसणासारखा येतो. आणि ह्यांच्या कोठीत तर लसणाच्या माळाच टांगलेल्या. त्यांना वाटलं आपलाच लसूण. थोडी चक्कर आली तर वाटलं बोट लागली. निवांत लसूण निवडत बसले आणि तिथेच कोसळले. दादाने वरून हाका मारल्या, ओ आली नाही, तसा तो उतरला आणि एवढ्या जड माणसाला त्या उभ्या शिडीवरून ओढत वर आणलं. धापा टाकत, तोच गॅस छातीत भरून घेत. दुसऱ्या दिवशी त्याचा श्वास अडकायला लागला...

"मास्क का नाही लावला त्याने?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा. आई माझ्याकडे बघायला लागली.

"मास्क वरच्या मजल्यावर होता, ताई. आणायला गेले असते तर मी नसतो," ते म्हणाले. "मला शिव्या घालत उतरले. तेवढंच ऐकू आलं."

म्हणजे मोडला. सगळ्यात मोठा नियम मोडला, आणि माझ्यासाठी नाही, ह्यांच्यासाठी. भाऊ गेला त्याचं दुःख होतंच, पण त्या क्षणी त्याच्यापेक्षा मोठं हे होतं, खरं सांगते. वर आईने त्यांना दादाच्याच खोलीत पडायला सांगितलं. दादाच्या पलंगावर!

संध्याकाळी त्यांची दापोलीची गाडी होती. आई म्हणाली, जा, उठव त्यांना. मी दार वाजवलं. आतून ताडकन आवाज आला, "दिनानाथ. ठीक आहे, साहेब."

मी तशीच उभी. दार उघडून ते ओशाळले. म्हणाले, जहाजावर गॅस असला की साहेब फेरी मारताना प्रत्येकाचं दार वाजवायचे, आतून नाव सांगावं लागायचं, नुसतं हुं केलेलं चालायचं नाही. आणि दार वाजवल्याशिवाय साहेब कधीच कुणाच्या केबिनमध्ये गेले नाहीत, फार शिस्त. अजून दार वाजलं की तोंडातून तेच निघतं. "घरी पण तसंच करायचे ना?" त्यांनी विचारलं.

घरी? माझ्या खोलीचं दार त्याने जन्मात वाजवलं नाही. धाडकन आत. माझा चार्जर उचल, माझ्या उशीवर ओले केस टेकव, मी अभ्यास करतेय की रडतेय काही बघायचं नाही. मी किंचाळायचे, दार वाजवायला काय होतं रे तुला? तो म्हणायचा, तुझ्याकडे कसलं गं वाजवायचं.

मी दिनानाथदादांना हे सांगितलं. ते मग म्हणाले, "तुमचं बरं आहे, ताई." आणि त्यांचा चेहरा असा झाला ना... मला तो ओळखू आला. दुपारभर माझा तसाच होता.

त्यांना स्टँडवर सोडून आले. आई हल्ली सारखी सांगते, आता दोघीच आहोत घरात, झोपताना कडी घालत जा. बाहेरच्या दाराला घालते मी. माझ्या खोलीच्या नाही.