तंबूतलं गाणं आणि अकोल्याचं गाणं

मूर्तिजापूरच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या ढिगावर बसून काडीकचरा वेचणाऱ्या बायांमध्ये सत्यभामेचा मान मोठा होता. हात तिचे इतरांसारखेच चालत, तोंड मात्र जरा जास्त. गावाबाहेर टुरिंग टॉकीजचा तंबू लागला की रविवारी ती सिनेमा पाहून यायची आणि सोमवारपासून ढिगावर बसून सांगायची. मुकादमही ऐकायला जवळपास घुटमळायचा, म्हणून तो कधी गप्प बसा म्हणत नसे. तिचा बाणा एकच, पदरचं काही घालायचं नाही. पडद्यावर दिसलं तेवढंच सांगायचं.

अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात एका गाण्यानं तिची पंचाईत केली. गाणं म्हणजे तिचा जीव की प्राण. खेळाआधी तंबूच्या भोंग्यावर त्याची तबकडी लागायची, ती ऐकून ऐकूनच तिला ते तोंडपाठ झालेलं. सिनेमाही याच गाण्यावर संपायचा. पण गाणं चालू असताना पडद्यावर दिसायचं ते भलतंच. नायक लढाईवर निघतो. मग नायिका नदीकाठी, पांढऱ्या पातळात, कपाळ मोकळं. आणि लगेच दोघं होडीत, तिच्या हातात हिरवा चुडा, दोघांचं खिदळणं सुरू, की सिनेमा समाप्त.

“तो मेला होता ना वं?” ढिगावर हे ऐकून गोदाबाईनं विचारलं. “मंग होडीत कसा आला?”

गोदाबाई सगळ्यांत लहान. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा तापानं गेला होता. एरवी ती खाली मान घालून ऐकायची, पण हे तिनं तीन दिवस सारखं विचारलं.

“जुळा भाऊ असंन,” लीलाबाई म्हणाली. दुसरी म्हणाली, नायिकेला सपन पडलं असंन. सत्यभामेला यातलं काही पटेना. जुळा भाऊ असता तर तिला दिसला नसता?

ती पुन्हा तंबूत जाऊन बसली. पुन्हा तेच. पण या खेपेला कानानं काम केलं. होडीचं कडवं तबकडीवर आधी होतं, इथं ते शेवटी येत होतं. कुठंतरी पाणी मुरत होतं. तोच सिनेमा अकोल्याच्या थेटरात लागल्याचं कळलं, तशी पुढच्या रविवारी ती भाकर बांधून निघाली.

“एका गाण्यासाठी अकोल्याले?” नवऱ्यानं, रामरावानं विचारलं.

“गाण्यासाठी नाही. गोदीले काय सांगू मी?”

अकोल्यात होडी आधी आली. मग लढाई, मग पांढरं पातळ, आणि समाप्त. कोडं सुटलं, पण सत्यभामेला मुळीच आनंद झाला नाही.

परत आल्यावर तिनं तंबूतल्या मशीनवाल्या सूर्यभानला गाठलं.

“रीळ तुटूनच आलं होतं, मावशी,” तो मान खाजवत म्हणाला. “कोणता तुकडा आधी, समजेना. मंग हसरा शेवटी चिकटवला.”

“तबकडी तं रोज तूच लावतं. कान घरी ठिवून येतं काय?”

सोमवारी दुपारपर्यंत सत्यभामेनं नुसता काडीकचरा वेचला. खोटं सांगवत नव्हतं आणि खरंही सांगवत नव्हतं. शेवटी तिनं गोदाबाईकडे न बघता सगळं सांगितलं. “अकोल्यात तो नाही येत, गोदे. आपल्या तंबूत येते.”

गोदाबाई कापसातली एक काडी काढत बसली. मग म्हणाली, “तंबू कधी उठते?”

“येत्या सोमवारी.”

“मंग रविवारी मले घेऊन चाल. अकोल्याचं अकोल्याले राहू दे.”

रविवारी दोघी अगदी पुढं जमिनीवर बसल्या. पांढरं पातळ आलं तशी सत्यभामेनं मान खाली घातली. गोदाबाईनं तिला कोपरानं ढोसलं.

“वर पाह्य ना,” ती म्हणाली. “आता येते तो.”