मिस्त्रींची हाक

हसण्यासारखं काही नाही अशा जागी मी नोकरी केली, म्हणूनच माझ्याकडे हसण्याचा एवढा साठा आहे. पोलाद कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. मी दुर्गच्या शाळेतला कवायतीचा मास्तर, भिलाईच्या एका दवाखान्यात कंपवाताच्या पेशंटांचा व्यायाम घ्यायला लागलो. कुणाचे हात थरथरतात, कुणाचे पाय अडतात, कुणाचा आवाज बसलेला, आणि 'छाती पुढे, पोट आत' एवढंच येणारा मी!

*

जोशीकाकूंचा श्वास तोकडा. मी मेणबत्ती पेटवली आणि म्हटलं, "फुंकून विझवा."

"दिव्याला तोंडानं फुंकर? मास्तर, तुमच्या आईनं काहीच शिकवलं नाही का?"

दुसऱ्या दिवशी त्या घरून फुंकणीच घेऊन आल्या. सोबत शेगडी! फुंकून फुंकून श्वास सुधारला आणि व्हरांड्यात रोज चहा व्हायला लागला. मोठे डॉक्टर रागवायला आले, ते कप घेऊन गेले. मग रोजच यायला लागले.

*

स्टोअरचे साहूबाबू चालता चालता मधेच थिजायचे. समोर रेघ दिसली की अशांचं पाऊल उचलतं, म्हणून मी व्हरांडाभर खडूच्या रेघा मारल्या. बाबू झपाझप निघाले! एकदा ते अर्ध्यावर असताना झाडूवालीनं पुढच्या रेघा पुसल्या. बाबू उभेच.

"काय झालं?"

"मास्टरजी, मोर रद्दा ला पोंछ दिस!"

रस्ताच पुसला म्हटल्यावर शेवटी मी पुढे पुढे चपला आडव्या ठेवत त्यांना दारापर्यंत नेलं.

*

भगत मिस्त्री भंडाऱ्याकडचे, खलाशांच्या, म्हणजे क्रेननं अवजड ओझी चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांच्या, गँगचे मुकादम. 'हबेस' म्हटलं की क्रेन ओझं उचलायची, 'आरिया' म्हटलं की खाली सोडायची. आता नुसती कुजबुज उरली होती.

बायको म्हणायची, "तीस वर्सं म्हनत होती, जरा हळू बोला. आता बोलतेत तं ऐकूच येत नाई! मी भांडू कोनासंग?"

नव्या खलाशांना शिकवायचं काम द्यायचं की घरी बसवायचं, ते मेडिकल बोर्ड ठरवणार होतं.

"गावाले जाऊन काय करू, मास्तर? मले दुसरं येतेच काय?"

मला फार वाईट वाटलं, म्हणून मी त्यांच्यावर ओरडलो, "आऽऽ म्हणा!" नुसती वाफ निघाली. "मग तुमचं काहीतरी म्हणा!"

त्यांनी पोटात श्वास भरला. "हबेस!"

सगळे दचकून उभे राहिले! तेव्हापासून आमचा वर्ग त्यांच्या हाकेवर. 'हबेस'ला उठायचं, 'आरिया'ला बसायचं. चहाला आलेले मोठे डॉक्टरही उठाबशा काढायचे.

*

बोर्ड आमच्याच दवाखान्यात भरलं. बोर्डात तेच मोठे डॉक्टर.

"नाव सांगा."

मिस्त्रींचे ओठ हलले.

"मोठ्यानं."

पुन्हा तेच. डॉक्टरांनी खालमानेनं कागदावर काहीतरी लिहिलं आणि उठून खिडकीपाशी उभे राहिले. दारात मिस्त्रीणबाई, तोंडाला पदर.

बाहेर क्रेन ट्रकवरून दवाखान्याच्या नव्या मशीनची पेटी उतरवत होती. दोर सरकला, पेटी कलली, आणि गँगला पत्ताच नाही. मिस्त्रींना मात्र खिडकीतून दिसलं. त्यांनी पोटात श्वास भरला.

"आरियाऽऽ!"

पेटी अलगद ट्रकवर टेकली. व्हरांड्यात उभ्या जोशीकाकू बसल्या. साहूबाबू बसले. मी बसलो. खिडकीपाशी मोठे डॉक्टर चक्क फरशीवर बसले, आणि तिथूनच म्हणाले, "तो कागद फाडा!"

एकट्या मिस्त्रीणबाई उभ्या. डोळे पुसत म्हणाल्या, "मी नाई बसत! तीस वर्सं ऐकलं यांचं!"