आहात तिथेच बसा

लिफ्ट अडकली की आतली माणसं एक तर दार बडवतात, नाही तर ते फाकवून बाहेर उडी मारायला बघतात. बडवणाऱ्यांचं काही बिघडत नाही. उडी मारणाऱ्यांचं मात्र सांगता येत नाही. म्हणून लिफ्टवाला पोचल्या पोचल्या, हत्यारांची पिशवी खाली ठेवायच्याही आधी, फटीला तोंड लावून ओरडायचा, "आहात तिथेच बसा! हलू नका! मी आलोय!" उभा जन्म त्यानं हे एकच वाक्य ओरडण्यात घालवला. त्याची बायको म्हणायची, "लग्नातसुद्धा हे मला हेच सांगणार होते. कोणीतरी वेळेवर गप्प केलं."

बायको घरी पडदे शिवायची. लोकांच्या घरांना झुळझुळीत पडदे, आणि स्वतःच्या खिडकीला उरलेल्या तुकड्यांचं ठिगळकाम. मुलगी एकच. बापाबरोबर लिफ्टमध्ये शिरली की ती सगळ्या मजल्यांची बटणं दाबून मोकळी व्हायची, म्हणून तिचं नाव पडलं बटण. खरं नाव शाळेपुरतं राहिलं.

दर उन्हाळ्यात तिघं आठवडाभर समुद्रकाठच्या एका लहानशा गावात जायची. तिथं एक जुनीपुराणी लाकडी बंगली भाड्यानं मिळायची. बंगली म्हणजे नुसतं म्हणायचं. दोन खोल्या, पुढे अरुंद ओसरी, गंजलेल्या पत्र्यांचं छप्पर, आणि निळ्या रंगाचे पापुद्रे, जे बसल्या बसल्या नखानं सोलायचा मोह कोणालाच आवरायचा नाही. खाऱ्या हवेनं खिडक्या अशा फुगल्या होत्या की उघडलेली मिटायची नाही आणि मिटलेली उघडायची नाही. ओसरीपुढे एक भलामोठा काळा दगड पायरी म्हणून टाकलेला होता. पिढ्यान् पिढ्यांच्या पायांनी तो मधोमध खोलगट झाला होता. समुद्रावरून आलं की त्या खळग्यात पाय धुवायचे, मगच आत.

बटण सहा वर्षांची असताना बापानं तिला त्या दगडावर बसवून सांगितलं, "हे बघ, गर्दीत चुकलीस तर इकडेतिकडे पळत सुटायचं नाही. सरळ इथं यायचं आणि बसून राहायचं. जो हरवला त्यानं बसायचं, बाकीच्यांनी शोधायचं. मी येतोच." आणि त्याच उन्हाळ्यात ती खरोखर चुकली. लिफ्टवाल्यानं वेड्यासारखा सगळा किनारा पालथा घातला, दिसेल त्याला विचारलं, गुडघाभर पाण्यात शिरून बघितलं. स्वतःचाच नियम त्याला सगळ्यात शेवटी आठवला. धापा टाकत तो बंगलीवर आला, तर बटण पायरीवर मांडी ठोकून बसलेली. डोळ्यांत पाण्याचा थेंब नाही. उलट कपाळाला आठ्या.

"किती वेळ लावलास, बाबा?" ती म्हणाली.

ही गोष्ट त्या घरात इतक्यांदा सांगून झाली होती, की पुढेपुढे कोणी नुसतं "किती वेळ" एवढं म्हटलं तरी तिघं हसायची.

मग बटण मोठी झाली, नोकरीला लागली आणि एक दिवस घरातून गेली ती गेलीच. कारण सांगायला लाज वाटावी इतकं साधं होतं. एका मुलाबरोबर तिला दोनदा पाहिल्याचं कोणीतरी बापाच्या कानावर घातलं. लिफ्टवाला पिशवीसकट तिच्या ऑफिसात जाऊन उभा राहिला, आणि चार लोकांत त्यानं त्या मुलाची उलटतपासणी घेतली. कोणी मदतीची हाक मारलेली नसताना धावून गेला, झालं. बटण त्या दिवशी एक चकार शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी कामाला म्हणून निघाली. संध्याकाळी फोनवर एवढंच आलं: "मी ठीक आहे. शोधू नका." त्यानंतर फोन बंद.

ज्याला उभ्या जन्मात शोधायला जाण्यापलीकडे काही येत नाही, त्याला म्हणे शोधू नका! लिफ्टवाल्यानं जिवाचं रान केलं. मैत्रिणी झाल्या, स्टेशनं झाली, दवाखाने झाले. पोलीस म्हणाले, "काका, मुलगी सज्ञान आहे, स्वतःहून गेलीय, कळवूनही गेलीय. आम्ही काय करणार?" तो मुलगा तर तिथेच सापडला, त्याच ऑफिसात, त्याच टेबलाशी. त्याचंही तिच्याशी बोलणं राहिलं नव्हतं. लिफ्टवाल्याला त्याच्यापुढे मान वर करता येईना.

त्यानंतरही नवरा-बायको दर उन्हाळ्यात बंगलीवर जात राहिली. लोकांना वाटायचं, बरं झालं, तेवढाच हवापालट. कसला हवापालट! बायको आठवडाभर त्या काळ्या दगडावर बसून असायची. समुद्राकडे पाठ आणि तोंड रस्त्याकडे. का, हे तिनं कधी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही.

अशाच एका उन्हाळ्यात बंगलीच्या मालकीणबाईंनी दोघांना चहाला बोलावलं. बाई मागच्या गल्लीत राहायच्या, शाळेतून निवृत्त होऊन जमाना झालेला, पण बोलताना बोट अजून फळ्यावर असल्यासारखं हवेत.

"तुमचं हे शेवटचं वर्ष," बाई म्हणाल्या. "मी चालले मुलाकडे. बंगली विकतेय. पलीकडच्या हॉटेलवाल्याला गाड्या लावायला जागा हवीय."

"म्हणजे पाडणार?" बायकोनं विचारलं.

"मग काय पुजणार? त्या खोक्यात ठेवलंय काय?"

"आम्ही घेतो," बायको म्हणाली. नवऱ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

बाईंनी चष्मा सावरला. "तुम्ही? कशाला? आणि आधी मला सांगा, बटण कशी आहे? किती वर्षांत आणली नाहीत तिला. लग्नबिग्न झालं की नाही?"

खरं सांगायची वेळ हीच होती. पण गेली म्हटलं की लोक तोंडानं चुकचुकतात आणि डोळ्यांनी हिशेब मांडतात, आईबापांनीच काहीतरी केलं असणार. हे दोघांनी पुरेपूर भोगलं होतं. बायको म्हणाली, "झालं की! मुलगाही आहे तिला. त्याच्यासाठीच तर घेतोय. सुट्टीत यायला."

नातू म्हटल्यावर बाई पार विरघळल्या. आपल्या आजेसासऱ्यांनी बांधलेल्या घरात पुन्हा लहान पोर धावणार, यापुढे हॉटेलवाला कोण? त्याला नाही सांगते, म्हणाल्या.

बाहेर आल्यावर बराच रस्ता चालून झाला, मग लिफ्टवाला म्हणाला, "नातू झाला आपल्याला, आणि मला पेढासुद्धा नाही." बायको हसली. तिचं हसू थांबेना, आणि मग कधी ते रडणं झालं ते त्याला कळलंच नाही. भर रस्त्यात तो तिच्या हाताला धरून उभा राहिला.

खरा तंटा पुढे झाला, शहरात, स्वयंपाकघरातल्या ओट्याशी. बंगली घ्यायची तर राहता फ्लॅट विकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"आणि ती इथं आली तर?" लिफ्टवाला म्हणाला. "बेल वाजवली, आणि दार भलत्यानंच उघडलं, तर?"

"इथून तर ती गेली. ज्या घरातून गेली तिथं येईल? तिला तोंड दाखवायला जड जाईल. तिकडे कशी, नुसतं येऊन बसायचं. कोणी विचारत नाही, कोणी बोलत नाही."

"अगं, सहा वर्षांची होती तेव्हा! तिला आठवत तरी असेल का?"

"तुम्हाला आठवतंय ना? मग तिला का नाही आठवणार? तुम्हीच शिकवलंत. आता तुमच्याच शब्दावर तुमचा विश्वास नाही?"

कधीकधी लिफ्ट दोन मजल्यांच्या मधोमध अडकते. वरचं दार अर्धं, खालचंही अर्धं, आणि दोन्ही उघडायचं म्हटलं तर माणूस मध्ये चिरडायचा. एकच दार धरावं लागतं. पण तिथं आतून आवाज तरी येतो. इथं हाक मारून बघायचीही सोय नव्हती. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, हे एवढ्या वर्षांच्या लिफ्टवाल्याला त्या ओट्याशी उभं राहून कळलं.

त्यानं सही केली. पटलं म्हणून नाही. बायको जेवेनाशी झाली होती म्हणून.

फ्लॅट घेणाऱ्या जोडप्याला त्यानं हात जोडून सांगितलं, कोणी मुलगी आली तर तिला आत बसवा आणि मला फोन करा. "हो हो काका, नक्की," ते म्हणाले, आणि आठ दिवसांत त्यांनी दार बदललं, बेल बदलली, दारावर कुत्र्याचं चित्र लावलं.

सामानाचा टेम्पो घेऊन दोघं बंगलीपाशी पोचली, तेव्हा बाई ओसरीत हौसेनं उभ्या होत्या. आणि ओसरीपुढे सिमेंटच्या तीन गुळगुळीत पायऱ्या होत्या, बाजूला पिवळ्या रंगाचा कठडा. काळा दगड नव्हता.

"माझ्याकडून भेट!" बाई म्हणाल्या. "तो धोंडा केवढा उंच! नातवाला ठेच लागली असती, तोंड फुटलं असतं. जाता जाता म्हटलं, एवढं तरी करून जाऊ."

बायको टेम्पोतून उतरली होती ती तिथेच खाली बसली. मग तिनं असा आवाज काढला, की टेम्पोवाल्याच्या हातातलं शिलाई मशिन निसटता निसटता राहिलं. "नातू नाहीये! कोणी नाहीये! पोरगी गेली आमची, केव्हाची गेलीय. ती यायची होती त्या दगडावर. कुठे टाकलात माझा दगड?"

बाईंचं हवेतलं बोट हवेतच राहिलं. सगळी हकिकत लिफ्टवाल्यानं सांगितली, मान खाली घालून. ऐकता ऐकता बाई कठड्याला धरून बसल्या.

"अरे, मग हे आधी सांगायचं नाही का?" त्या म्हणाल्या. "मी त्या दगडाला कोणाला बोट लावू दिलं असतं?"

खोटं बोलून घर मिळालं होतं, आणि ज्यासाठी घर घेतलं तेच खोट्यापायी गेलं होतं. राग काढायचा तरी कोणावर? बाईंनी तर भेट म्हणून केलं होतं.

गवंड्यानं दगड लाटा अडवायच्या बांधावर, बाकीच्या राड्यारोड्यात लोटला होता. ओहोटीला लिफ्टवाला तिथं उतरला आणि काळ्या दगडांच्या रांगेवरून वाकून वाकून हात फिरवत राहिला. शेवटी खळगा हाताला लागला, उलटा, वाळूत तोंड खुपसलेला. मग त्यानं पिशवीतली साखळीची कप्पी काढली. तीन वासे उभे करून वरती बांधले, त्यांना कप्पी लावली, दगडाला साखळी गुंडाळली. किनाऱ्यावरची चार माणसं मदतीला आली. हा म्हातारा एका धोंड्यासाठी एवढा का पेटलाय, हे कोणी विचारलं नाही. त्याचा चेहराच तसा होता. बोटं सोलून निघाली, पण काळोख पडायच्या आत दगड बंगलीपुढे आला.

सिमेंटच्या पायऱ्या फोडायचं त्राण उरलं नव्हतं. दगड त्यांच्या शेजारी, कठड्याबाहेर ठेवला. आता त्या पायरीवरून कुठंच चढता येत नव्हतं, तेवढी बसायची जागा झाली. बायकोनं तांब्याभर पाणी आणून खळग्यातली वाळू धुतली, पदरानं दगड पुसला, आणि बसली. लिफ्टवालाही टेकला. दोघांची तोंडं रस्त्याकडे.

"दोघांनी इथं बसून चालायचं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मला तिकडे जायला हवं. ती बेल कुत्र्याच्या भरवशावर सोडवत नाही मला. आपल्या जुन्या बिल्डिंगला वॉचमन हवाय, सेक्रेटरीला विचारून ठेवलंय मी."

"लोक हसतील हो," बायको म्हणाली.

"हसू देत."

लोक हसले नाहीत, पण त्याहून वाईट म्हणजे ओशाळले. ज्या इमारतीत तो घरमालक म्हणून मिटिंगला खुर्चीवर बसायचा, तिच्याच फाटकाशी आता प्लास्टिकच्या खुर्चीत बसू लागला आणि रात्री वॉचमनच्या खोलीत झोपू लागला. ओळखीचे शेजारी घाईघाईनं मोबाईल कानाला लावून आत जायचे. त्याला त्याचं काही वाटेना. कोणीही अनोळखी मुलगी फाटकातून शिरली की तो उठून उभा राहायचा आणि कितव्या मजल्यावर जायचंय ते विचारायचा. लिफ्ट अडकली तर आता कंपनीची तरुण पोरं यायची. लिफ्टवाला खुर्चीतून हलायचा नाही. तेवढ्यात ती येऊन गेली तर?

आठवड्याच्या सुट्टीला तो पहिल्या बसनं गावाला जायचा. बस वळणावर सोडायची. तिथून बंगली दिसते, माणसं ठिपक्यांएवढी दिसतात. तो तिथं थांबायचा, डोळ्यांवर हात धरायचा, आणि दगडावर एक ठिपका आहे की दोन ते बघायचा.

एकच असायचा. मग तो चालू लागायचा.

बंगलीचं फाटक वाजलं की बायको मान उचलायची. आधी त्याच्या खांद्यावरून मागे, पार वळणापर्यंत बघून घ्यायची, कोणी बरोबर आलंय का ते. मग त्याच्याकडे बघायची, आणि दगडावर थोडी सरकून त्याला जागा करून द्यायची.

"किती वेळ लावलात," ती म्हणायची.

आता ह्या वाक्यावर दोघांपैकी कोणी हसत नसे.