डिस्कला लागलेलं कुंकू

झेंडूचा वास आला की मला उमरग्याच्या घरातला माझा व्हिडिओ गेमचा डबा आठवतो. वडिलांचं गॅरेज होतं, त्यामुळं खंडेनवमीला पान्यांपासून जॅकपर्यंत सगळ्यांना हळदीकुंकू लागायचं. एका वर्षी आईनं वडिलांच्या सिनेमांच्या डिस्कही पुजल्या आणि चकाकतं ते तोंड समजून नेमक्या त्याच बाजूला ओलं कुंकू लावलं. पुसताना ओरखडे पडले आणि प्लेअर एकही डिस्क घेईना. लग्नानंतर दोघांनी जत्रेतल्या तंबूत पाहिलेला पहिला सिनेमाही त्यातच होता. त्या दिवशी आई जेवलीच नाही. शेवटी मी त्या डिस्क माझ्या डब्यात घालून बघितल्या. वडिलांचा त्या डब्यावर लई राग, पण तो घरघर करत डिस्क वाचू लागला. मित्रानं त्यात एक प्रोग्रॅम टाकून दिला होता, त्यानं मी एकेक सिनेमा डब्यातल्याच हार्ड डिस्कवर उतरवून घेतला. तंबूतल्या सिनेमाला मात्र किती उतरलं ते दाखवणारी टीव्हीवरची पट्टी निम्म्यात अडकली. मी बटण दाबायला गेलो तसे वडील म्हणाले, "हात लावू नगंस. थंड इंजनबी आसंच करतंय, दम धर." ते डब्यासमोर मांडी घालून बसले, आईही येऊन टेकली आणि पट्टी हळूहळू पुढं सरकली. पुढच्या खंडेनवमीला वडिलांनीच तो डबा पान्यांशेजारी मांडला. यंदा मी नवा लॅपटॉप घेतल्याचं कळताच आईचा फोन आला, "पूजंला घिऊन ये. कुंकू कुठं लावायचं ते ठावं हाय मला आता."