ठेक्यावर पडणारा गडी

तातेराव सिनेमात गेला तो पडल्यामुळं, आणि सिनेमातून घरी आला तोही पडल्यामुळंच. मधली आठ-नऊ वर्षं त्यानं दुसऱ्यांना पाडण्यात घालवली. पण ती मुंबईत गेली, त्यामुळं औंढ्यात त्यांचा हिशेब कोणी धरत नाही.

पहिलं पडणं तेहेतीस-चौतीस सालच्या शिवरात्रीचं. औंढ्याच्या जत्रेत शेवटी कुस्त्या व्हायच्या. तातेराव तेव्हा माणिकराव वस्तादांच्या तालमीतला आवडता पठ्ठा. वस्ताद म्हणजे दोन्ही कान मोडलेले, आवाज रांजणातून आल्यासारखा, आणि शिष्याचं कौतुक करायची वेळ आलीच तर "बरा हाईस" याच्या पुढं न जाणारे. हे "बरा हाईस" ऐकायला पोरं महिनोन्‌महिने माती खात. तातेरावला ते एकदा मिळालं होतं, आणि त्यावर त्यानं आख्खा पावसाळा काढला होता.

जत्रेच्या आदल्या दिवशी तांड्यावरचा रतनसिंग त्याला शोधत आला. दोघांची जुनी दोस्ती, आणि दुसऱ्या दिवशी जोडही दोघांचीच लागलेली.

"तात्या, उद्या तू पड," रतनसिंग म्हणाला.

"काहून पडू?"

"माझं लगीन हाय म्हणून. धर्मसिंग पोरगी द्यायला तयार हाय, पण म्हणून राहिला, पोरगं नुसतं गाण्याचं शौकीन दिसतं. उद्या तो बघायला येऊन राहिला."

"लगीन तुझं आन पाठ माझी?"

"तुझी पाठ दोन दिसांत बरी व्हईल. हे स्थळ गेलं तर माझं जन्माचं दुखणं."

अशा आधी ठरवून केलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात. आखाड्यात यापेक्षा वाईट शिवी नाही. आईवरून दिलेली शिवी पहिलवान एखाद वेळ सोडून देईल, ही देणार नाही. तातेरावला हे पक्कं ठाऊक होतं. पण दोस्ताच्या डोळ्यांतलं लगीन बघून तो विरघळला.

कुस्ती झाली. कडेला दगडोबा हलगी वाजवत होता. त्याची हलगी सुरू झाली की म्हाताऱ्यांचेही खांदे हलायला लागत. रतनसिंगानं ढाक मारली, तातेराव हवेत उडाला, दोन्ही पाय आभाळाला लावून फिरला आणि धाडकन चित झाला. असा देखणा पडला की लोकांचे फेटे उडाले. धर्मसिंग तर उठून नाचलाच. टाळी वाजवली नाही ती एका माणसानं.

"नुरा केलास," वस्ताद म्हणाले.

"न्हाई वस्ताद, पाय सटकला."

"पाय सटकलेला गडी ज्वारीच्या पोत्यावानी पडतो. वंगाळ दिसतो. तू हलगीच्या ठेक्यावर पडलास. दगडोबाची टिपरी आन तुझी पाठ, दोनी बराबर. खरं पडणाऱ्याला ठेका ऐकू येत न्हाई, लेकरा."

खोटं बोलायची तातेरावची तयारी होती, पण ठेक्यावर काय बोलणार?

"माझ्या मातीला पाय लावू नको. ज्या दिशी खरा पडशील, त्या दिशी ये."

त्याची आई सखुबाई रदबदली करायला गेली, तर वस्तादांनी तिला चहा पाजला आणि एवढंच सांगितलं, "लेकराला पोटभर खाऊ घाला. आमच्याकडं धाडू नका."

रतनसिंगाचं लगीन झालं. बायको जिवनबाई, तोंडानं मोठी फटकळ. पहिली दोन वर्षं रतनसिंग "तात्या, तुझ्यामुळं" असं हात जोडून म्हणायचा. पुढं तेच वाक्य तो कपाळाला हात लावून म्हणायला लागला.

तातेरावला मात्र गावात राहणं कठीण झालं. दुकानात गूळ घ्यायला गेला तरी कोणीतरी तोंडानं हलगी वाजवायचं. एक दिवस तो हिंगोलीला गाडीत बसला. पूर्णा, मनमाड करत मुंबईला उतरला. तिथं परभणीकडचा एक सुतार सिनेमाच्या कंपनीत लाकडी किल्ले उभे करायचा. त्याच्या ओळखीनं तातेराव ते किल्ले उचलायला लागला.

कंपनी मारामारीचे बोलपट काढायची. दरेक बोलपटात एक जुलमी सरदार, एक न्यायी डाकू, एक राणी आणि बरेच घोडे. मारामारी शिकवायला कोणी नव्हतं. डायरेक्टर "मारो" म्हणायचा आणि लोक खरोखर मारायचे. डाकूचा दात पडला, सरदाराचं नाक फुटलं, तरी पडद्यावर ते सगळं बाजारातल्या चेंगराचेंगरीसारखं दिसायचं. एके दिवशी सरदाराच्या जागी जिन्यावरून पडायला कोणी तयार होईना. तातेराव किल्ल्याची भिंत खाली ठेवून म्हणाला, "मैं गिरता."

पडला. डायरेक्टर म्हणाला, "फिर से." पुन्हा तसाच पडला, तीच पायरी, तीच गिरकी.

"कैसे किया रे?"

"ठेके पे, साब."

ज्या गुणापायी तालमीतून हाकलला, त्याच गुणासाठी मुंबईत त्याला खुर्ची मिळाली. फाईट मास्तर झाला. घासलेटचा रिकामा डबा घ्यायचा, त्यावर काठीनं औंढ्याच्या हलगीचा ठेका धरायचा, आणि दरेकाला त्याची त्याची मात्रा वाटून द्यायची. या ठोक्याला तलवार, त्या ठोक्याला मान. त्याचं शिकवणं साधं होतं. मारणाऱ्याला कुणीही शिकवील. मार खाणाऱ्यानं अर्धा ठोका आधी हलायचं असतं, तिथं कसब आहे. लाठीचे हात त्यानं रतनसिंगाच्या तांड्यावर बघितले होते, दांडपट्ट्याचे हिंगोलीच्या दसऱ्यात. सगळं डब्यावर बसवलं. कोणाचा दात पडेना आणि थेटरात बायका डोळे झाकायला लागल्या.

एकदा डायरेक्टर कंपनीच्या शेठशी भांडून निघून गेला, तेव्हा आख्खा बोलपट तातेरावनंच केला. प्रेमाचे प्रसंगसुद्धा. राणीनं पापण्या खाली करायच्या त्याही डब्याच्या ठोक्यावर. डाकू वैतागून म्हणाला, "मास्टर, मोहब्बत है, दंगल नहीं." पण बोलपट चालला. पडद्यावर नाव आलं: मास्टर टी. राव. ही बातमी औंढ्याला कळली, तेव्हा लोकांनी ठरवलं की हा टी. राव मद्रासकडचा कोणी असणार.

एवढं झालं तरी शिवरात्र आली की तातेरावचं अंग आंबायचं. दोनदा तो जत्रेला येऊन गेला. गर्दीत मागं उभा राहिला. वस्तादांची नजर त्याच्यावरून झाडावरून फिरावी तशी फिरली. पडद्यावर शंभर माणसं पाडली, पण त्याला पाहिजे होती ती हातभर माती. वस्तादांनी नुसतं "ये" म्हणायला पाहिजे होतं.

मग त्रेचाळीस साल आलं. लढाईमुळं कच्ची फिल्म मोजून मिळायची. एका बोलपटात लाकडी पुलावर मोठी लढत होती आणि सरदाराची दाढी लावून खाली पडायला तातेराव स्वतः उभा राहिला. डबा वाजत होता, ठोका यायचा होता, तेवढ्यात पायाखालची फळी आधीच निसटली. तो पडला तो थेट डाव्या खांद्यावर. ना गिरकी, ना पाय आभाळाला. इतकं गबाळं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. तशा हालतीतही तो म्हणाला, "शेठ, परत घेऊ." शेठ म्हणाला, "फिल्म कुठाय? राहू दे."

खांदा छातीच्या वर उचलेना. पडून दाखवता येईना, तेव्हा मास्तरकी गेली. पुढं कंपनीही बुडाली. तातेराव घरी आला. लोकांना सांगितलं, रजा आहे. डाव्या हातावर उपरणं टाकून तो दोन वर्षं रजेवर राहिला.

सेहेचाळीसच्या शिवरात्रीला जत्रेत तंबूचा सिनेमा आला. आणला तो नेमका हाच बोलपट. तातेरावला तो कोणी बघू नये असं वाटत होतं. निदान पुलाचा भाग तरी. पण रतनसिंगानं जत्राभर दवंडी पिटली, "आपल्या तात्याचा हाय! टी. राव म्हंजे तात्या!" वस्ताद येणार नाहीत, हा एक आधार होता. तोही तुटला. वस्तादांच्या बायकोला, नर्मदाबाईला, राणी घोड्यावर बसलेली बघायची होती. त्यामुळं वस्ताद काठी टेकत आले आणि पुढं बसले. तातेराव त्यांच्या मागं अंधारात, रतनसिंगाच्या आडोशाला.

खेळ सुरू झाला आणि आवाजाचं यंत्र बंद पडलं. हिंगोलीपासून बैलगाडीत आदळत आलं होतं, ते मुकं झालं. राणी तोंड हलवायची, घोडे गुपचूप पळायचे. लोक ओरडायला लागले. तंबूवाल्यानं घाबरून बाहेरून दगडोबाला हलगीसकट ओढत आणलं आणि पडद्याशेजारी बसवलं. म्हणाला, "बजाव बाबा, कुछ भी बजाव."

दगडोबानं आपला नेहमीचा ठेका धरला. पडद्यावर तलवारी निघाल्या. ठोका पडला की तलवार पडे, ठोका पडला की गडी पडे. दगडोबा वाजवता वाजवता मागं वळून ओरडला, "आरं, हे तर माझ्याच हलगीवर लढून राहिले!"

तंबू हसला. तातेराव पडद्याकडं बघतच नव्हता. त्याची नजर वस्तादांच्या काठीवर होती. काठी जमिनीवर हलके हलके ठेका धरत होती. टक, टक, टक. समजलं होतं म्हाताऱ्याला सगळं.

पूल आला. सरदार पुलावर चढला, काठी चालली होती, हलगी चालली होती. आणि ठोका पडायच्या आधीच सरदार खाली. ज्वारीच्या पोत्यासारखा.

तंबूत हशा पिकला. "हे काय पडणं झालं? पडताबी येईना याला!"

काठी थांबली. वस्ताद उठले ते बरोबर झोताच्या मधे, पडद्यावर त्यांची सावली डोंगराएवढी झाली.

"हसू नका रं. पडला कोण हा?"

"वस्ताद, तो सरदार हाय, दाढीवाला," रतनसिंग म्हणाला.

"दाढी गेली चुलीत. पडला कोण?"

मागून आवाज आला, "मी, वस्ताद."

"हिकडं ये."

तातेराव गेला. वस्तादांनी उपरणं ओढून काढलं आणि हात वर कर म्हणून खूण केली. हात छातीपर्यंत आला आणि थांबला. वस्तादांनी खांद्याच्या हाडावरून अंगठा फिरवला. लढाई आता पडदा सोडून दोघांच्या अंगावर चालली होती. वस्तादांच्या बाराबंदीवरून घोडे पळत होते.

"कधीचं?"

"तीन वर्सं व्हतील."

"आन सांगितलं न्हाईस."

"काय सांगू? ती चूक व्हती, वस्ताद. फळी आधी निसटली. ते सोडा. बाकीचं काम बघा की, बाकीचं समदं बराबर—"

"बाकीचा समदा नुरा हाय."

"त्ये खरं. पण कसा हाय?" तातेरावच्यानं राहवलं नाही. खांद्यापेक्षा त्याला याचीच जास्त कळ लागली होती.

वस्तादांनी विचार केला. घाई त्यांना कधीच नव्हती.

"नुरा म्हणून बरा हाय," ते म्हणाले. "उद्या सकाळी तालमीत ये."

मागून नर्मदाबाई ओरडल्या, "आता बसता का? राणी दिसून न्हाई राहिली!" वस्ताद बसले. तातेरावला त्यांनी शेजारी, दुखऱ्या खांद्याला गर्दीचा धक्का लागणार नाही अशा बाजूला बसवलं. दगडोबानं पुन्हा ठेका धरला.

सकाळी तातेराव आंघोळ करून तालमीत गेला. वस्तादांनी मूठभर माती त्याच्या खांद्यावर चोळली आणि फावडं पुढं केलं. एका हातानं ते चालेना.

"मग पोरांला पडायला शिकव," वस्ताद म्हणाले. "कुस्तीत हाडं मोडून घेऊन राहिलेत."

तातेराव आनंदानं घरी पळाला आणि घासलेटचा डबा घेऊन आला. वस्तादांनी त्याला दारातच अडवलं.

"तू ये. डबा भायेर."

पुढं रझाकारांच्या धामधुमीत तालीम बंद पडली आणि अठ्ठेचाळीसच्या दसऱ्यानंतर पुन्हा उघडली. तेव्हाही तातेराव पोरांना आधी बाहेरच्या ओट्यावर डब्याच्या ठेक्यावर पाडायचा, मग डबा उंबऱ्याशी ठेवून आत मातीत न्यायचा. आत कोणी ठेक्यावर पडलं की वस्तादांच्या आधी तोच ओरडायचा, "नुरा! ऊठ, परत पड!"